कंबरदुखी, योगासने आणि ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न

‘योगासनांनी कंबरदुखी कायमची बरी होते’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. शिबिराच्या फलकावर ते असते, दूरचित्रवाणीवरील सकाळच्या कार्यक्रमात असते आणि २१ जूनच्या योगदिनी भाषणाला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडीही असते. याच्या उलट मत असणारेही भेटतात. ‘योगासने म्हणजे नुसते अंग ताणणे, त्यात औषध कसले?’ असे ते म्हणतात. दोन्ही बाजू सारख्याच ठामपणे बोलतात, पण ‘हे तुम्हांला कसे कळले?’ असे विचारले तर दोघेही बहुधा एखाद्या ओळखीच्या माणसाची हकिकत सांगतात. विज्ञान शिकवणाऱ्याला हकिकतीवर थांबता येत नाही. या दाव्याची नीट तपासणी केली तर काय उरते, हे या लेखात पाहू.

प्रश्न आपल्या परिसरात किरकोळ नाही. भद्रावतीच्या आसपास कापूस वेचणाऱ्या बाया आहेत, कोळशाच्या उघड्या खाणींत डंपर चालवणारे कामगार आहेत, ग्रामोदय संघाच्या परंपरेतले चाकावर वाकून बसणारे कुंभार आहेत. चंद्रपूर ओलांडून मूल, सिंदेवाहीकडे आणि पुढे गडचिरोलीत गेले की धानाचा मुलूख सुरू होतो. पावसाळ्यात तिथे रोवणीला गेलेली बाई बांधीतल्या चिखलात दिवसभर कमरेतून वाकून पऱ्हे लावते. उन्हाळ्यात मोहफुले वेचायची आणि तेंदूपत्ता तोडायचा, तोही वाकूनच. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेला कंबरदुखी हा ग्रामीण आरोग्याचा स्वतंत्र प्रश्न म्हणून हाती घ्यावा लागला. मुंबईचे मणक्यांचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी शोधग्रामला जाऊन शस्त्रक्रिया करत आले आहेत. म्हणजे कंबर दुखणे ही केवळ खुर्चीत बसणाऱ्या शहरी माणसाची तक्रार नव्हे. जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे.

‘गॅप’ म्हणजे काय?

आपल्या कमरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांमध्ये कूर्चेची गादी असते. कंबर दुखू लागली की ‘मणक्यात गॅप पडली’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ असे निदान गावात आपोआप होते. काही रुग्णांत नस खरोखर दबलेली असते. पण दीर्घकालीन कंबरदुखीच्या, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याच्या, बहुसंख्य रुग्णांत एक निश्चित शारीरिक कारण दाखवता येत नाही. उलट ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या मणक्यांची चित्रे काढली, तर त्यांतही झिजलेल्या गाद्या दिसतात. असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार वेदना नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसते. तेव्हा चित्रातली झीज म्हणजेच वेदनेचे कारण, असे सरसकट म्हणता येत नाही. स्नायूंची ताकद, कामाचा ताण, झोप, चिंता, ‘वाकलो तर मोडेल’ ही भीती आणि वेदनेचे संदेश वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता, अशा अनेक गोष्टींचा त्यात वाटा असतो.

कारण एक नसल्यामुळे उपायही एक नसतो. अशा दुखण्याभोवतीच ‘कायमचा इलाज’ सांगणाऱ्यांची गर्दी होते.

आसन औषध केव्हा झाले?

आसन या शब्दाचा मूळ अर्थ बसणे, बैठक. भद्रावतीच्या विजासन लेण्यांतील बुद्धमूर्ती बैठ्या आहेत. ती बैठक ध्यानाची आहे, उपचाराची नव्हे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाकडून अपेक्षा आहे ती स्थैर्याची आणि सुखाची. सुमारे पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत १५ आसने आहेत आणि त्यांचे लाभ मुख्यतः जठराग्नी, प्राण आणि कुंडलिनी यांच्या भाषेत सांगितले आहेत. कंबरदुखीवरील उपचार म्हणून आसनांची मांडणी झाली ती विसाव्या शतकात, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे.

स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली करताना पोटात काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा उपयोग केला आणि पोटातला दाब मोजला. परंपरेने सांगितलेली गोष्ट उपकरणाने तपासायची, ही त्यांची दृष्टी आजही वाखाणण्यासारखी आहे. पण एक फरक लक्षात घेतला पाहिजे. नौली करताना दाब कमी होतो हे मोजणे वेगळे आणि नौलीने आजार बरा होतो हे दाखवणे वेगळे. पहिल्यासाठी दाबमापक पुरतो. दुसऱ्यासाठी तुलनेचा गट लागतो. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट करून उपचार पारखण्याची पद्धत वैद्यकात रुजली ती १९४८ सालच्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर.

बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) १९३७ साली पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या यांचा आधार देऊन ताठरलेल्या, दुखऱ्या शरीरालाही आसन करता येईल अशी पद्धत त्यांनी बसवली. या आधारांमुळे आसन रुग्णाच्या आवाक्यात आले. त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’ (१९६६) या ग्रंथाच्या शेवटी निरनिराळ्या व्याधींवर कोणती आसने करावीत याची यादी आहे आणि तीत पाठदुखीही आहे. ही यादी एका असामान्य शिक्षकाच्या निरीक्षणातून आली आहे, तेव्हा ती टाकाऊ नाही. परंतु पुरावा म्हणून तिच्यात एक उणीव आहे. किती जणांनी ही आसने केली, किती जणांना गुण आला, किती जण मध्येच सोडून गेले आणि काहीच न करता किती जण बरे झाले असते, हे तीत नाही. शिक्षकापुढे गुण आलेला विद्यार्थी पुन्हा येतो. गुण न आलेला येत नाही. त्यामुळे प्रामाणिक शिक्षकालाही आपली पद्धत आहे त्याहून अधिक यशस्वी दिसते.

फाशाचा प्रयोग

अनुभव फसवतो कसा, हे वर्गात दाखवता येते. साठ मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकाने एकदा फासा टाकावा. पडलेला आकडा म्हणजे आजची वेदना असे समजा. सहा पडले ते ‘असह्य दुखते’ म्हणणारे. असे साधारण दहा जण निघतील. या दहा जणांना पुढे बोलवा, तीन वेळा पायाचे अंगठे धरायला सांगा आणि पुन्हा फासा टाकायला लावा. त्यांची सरासरी सहावरून साडेतीनच्या आसपास येईल. अंगठे धरल्याने वेदना जवळपास निम्मी झाली!

मुले हसतील, पण शिबिरात हेच घडते. दीर्घकालीन कंबरदुखीत चढउतार असतात. माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणे टोकाला गेल्यावर. टोकानंतर उतार येणे स्वाभाविकच असते आणि उताराचे श्रेय त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याला मिळते, मग ते आसन असो, तेल असो, पट्टा असो की सुई. आता प्रयोगात एक बदल करा. सहा पडलेल्यांपैकी निम्म्यांनी अंगठे धरावेत आणि निम्म्यांनी नुसते उभे राहावे. चार-पाच वेळा प्रयोग करून आकडे एकत्र केले की दोन्ही गटांची सरासरी सारखीच उतरलेली दिसेल. ‘किती बरे वाटले?’ या प्रश्नाला ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न जोडल्याशिवाय अर्थ का नाही, हे मुलांना यातून कळते.

चाचण्या काय सांगतात?

कंबरदुखी आणि योग यांबाबत हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेकांनी विचारला आहे. किंबर्ली विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेत अय्यंगार पद्धतीची १६ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. योगगटाची वेदना कमी झाली, हालचाल सुधारली आणि वेदनाशामक गोळ्याही कमी झाल्या. निष्कर्ष उत्साहवर्धक होता, पण ६० पैकी ४२ जणांनीच चाचणी पूर्ण केली. सोडून गेलेल्या १८ जणांचे काय झाले असते, ही शंका राहतेच.

बंगळूरजवळच्या प्रशांती कुटीरमध्ये पद्मिनी टेकूर आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्णांवर चाचणी केली (२००८). सात दिवस निवासी राहून एका गटाने योग आणि दुसऱ्याने शारीरिक व्यायाम केला. योगगट सरस ठरला. मात्र मोजमाप आठवड्याच्या अखेरीचे आहे, आणि घरकाम, शेत, नोकरी सोडून आश्रमात राहिलेल्या आठवड्याचे आहे.

सर्वांत बोधप्रद चाचणी करेन शर्मन आणि सहकाऱ्यांची आहे (२०११). त्यांनी २२८ जणांचे तीन गट केले. एका गटाला योगवर्ग, दुसऱ्याला स्नायू ताणण्याच्या साध्या व्यायामाचा वर्ग आणि तिसऱ्याला पाठीची काळजी कशी घ्यावी याचे पुस्तक दिले. पुस्तकापेक्षा योग चांगला ठरला. पण साधा ताणाचा व्यायामही तितकाच चांगला ठरला. पुस्तकाशीच तुलना केली असती तर ‘योग प्रभावी’ असा मथळा झाला असता. व्यायामाशीच केली असती तर ‘योगात विशेष काही नाही’ असा झाला असता. चाचणी एकच, माणसे तीच. उत्तर बदलते ते तुलनेमुळे.

रॉबर्ट सेपर आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये ३२० जणांवर चाचणी केली (२०१७). यातले बहुतेक लोक अल्प उत्पन्न गटातले होते. बारा आठवड्यांचा योगवर्ग हा फिजिओथेरपिस्टकडील उपचारापेक्षा कमी पडत नाही, असे त्यात आढळले. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीत औषधांआधी करायच्या उपायांत व्यायामाबरोबर योगाचाही समावेश केला.

आकडे किती मोठे?

‘फरक पडला’ एवढ्याने भागत नाही, किती पडला हे विचारले पाहिजे. ब्रिटनमध्ये हेलन टिलब्रुक आणि सहकाऱ्यांनी ३१३ जणांवर चाचणी केली (२०११). मोजण्यासाठी त्यांनी २४ विधानांची एक प्रश्नावली वापरली. हळू चालावे लागते का, उठताना आधार लागतो का, अशी ती विधाने असतात आणि लागू पडणाऱ्या प्रत्येक विधानाला एक गुण मिळतो. तीन महिन्यांनंतर योगगटाची अडचण नेहमीच्या उपचारावरील गटापेक्षा २.१७ गुणांनी अधिक कमी झाली होती. म्हणजे चोवीसपैकी दोन गोष्टी अधिक जमू लागल्या. वेदनेत मात्र दोन गटांमध्ये उल्लेखनीय फरक नव्हता. हे विसंगत वाटेल, पण तसे नाही. दुखणे तेवढेच राहूनही माणूस अधिक हालचाल करू शकतो, कारण त्याची ताकद वाढते आणि भीती कमी होते. योगगटातल्या १५६ पैकी १२ जणांनी त्रास झाल्याचेही कळवले. बहुतेकांचा त्रास म्हणजे वाढलेली वेदना.

अशा सर्व चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला आहे. सुसान वीलँड आणि सहकाऱ्यांच्या २०२२ सालच्या आवृत्तीत २१ चाचण्या आणि २,२२३ रुग्ण आहेत. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योगाने हालचाल थोडी सुधारते आणि वेदनाही थोडी कमी होते. वेदनेतला फरक शंभरपैकी साडेचार गुणांचा आहे. रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणून त्यांनी आधीच १५ गुणांची मर्यादा ठरवली होती. इतर पाठीच्या व्यायामांच्या तुलनेत योगात फारसा फरक आढळला नाही.

यात आणखी एक अडचण आहे. औषधाच्या चाचणीत खऱ्या गोळीसारखीच दिसणारी खोटी गोळी देता येते. खोटे भुजंगासन देता येत नाही. आपण योग करत आहोत हे रुग्णाला ठाऊक असते आणि वेदनेचा आकडाही तोच सांगतो. तेव्हा त्या साडेचार गुणांतही काही वाटा अपेक्षेचा असू शकतो.

एकूण हिशेब असा. ‘कायमची बरी होते’ हे वाक्य टिकत नाही. बहुतेक चाचण्यांत रुग्णांचा मागोवा काही महिने, फार तर वर्षभर घेतला गेला आहे आणि लाभ माफक आहे. ‘त्यात काही नाही’ हेही टिकत नाही, कारण तो लाभ इतर चांगल्या व्यायामाइतका आहे. ‘इतर व्यायामाइतकाच’ हे ऐकून योगप्रेमींनी खट्टू होण्याचे कारण नाही. ज्या गावातून फिजिओथेरपिस्ट गाठायला दिवसाची मजुरी बुडवून एस. टी.ने चंद्रपूरला जावे लागते, तिथे एका सतरंजीवर, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली तेवढाच लाभ मिळत असेल तर ती मोठीच गोष्ट आहे. शिवाय जो व्यायाम माणसाला आपला वाटतो तो तो टिकवतो, आणि व्यायामाचा गुण टिकवण्यात असतो.

रोवणी करणाऱ्या बाईचे काय?

आता आपल्या परिसराकडे परत येऊ. या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रिया होत्या, पण त्या अमेरिका, युरोप आणि भारतातल्या योगवर्गाला जाऊ शकणाऱ्या स्त्रिया होत्या. रोज आठ तास बांधीत वाकणाऱ्या बाईला त्यांतून थेट उत्तर मिळत नाही. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू सैल पडतात आणि भार अस्थिबंधांवर व गाद्यांवर जातो, हे शरीरशास्त्र सांगते. दिवसभर अशी वाकलेली बाई संध्याकाळी शिबिरात आली आणि तिला पश्चिमोत्तानासन, म्हणजे पुन्हा पुढेच वाकणे, करायला लावले, तर त्याचा उपयोग होईल असे गृहीत धरता येणार नाही. तिच्यासाठी आसनांची निवड वेगळी हवी. आणि मुख्य म्हणजे तिच्या कमरेवरचा भार कामातून येतो. रोवणीत मध्ये मध्ये उभे राहण्याची सवड, ओझ्याचे लहान गठ्ठे, उंच दांड्याची अवजारे, घराजवळ पाणी, हेही कंबरदुखीवरचे उपायच आहेत. ते न बोलता ‘रोज वीस मिनिटे योग करा’ एवढेच सांगितले, तर दुखण्याचा दोष तिच्या आळसावर टाकल्यासारखे होते. तिच्या दिवसात ती वीस मिनिटे कुठून येणार, हेही विचारायला हवे.

कुठे थांबायचे?

शिबिर घेणाऱ्या शिक्षकाने काही लक्षणे पाठ केली पाहिजेत. कंबरदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे असेल तर मणक्यांचा क्षयरोग असू शकतो. दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, पायातली शक्ती कमी होत जाणे, ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे आणि पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची कंबरदुखी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना जोराने पुढे वाकवल्यास मणका दबून मोडू शकतो. चंद्रपूर-गडचिरोलीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. शाळकरी मुलाची अचानक उठलेली तीव्र पाठदुखी ही सिकलसेलची वेदना असू शकते. तिथे आसन नव्हे, भरपूर पाणी, ऊब आणि लगेच दवाखाना हवा. माफक गुण देणाऱ्या उपायाला ‘सर्व दुखण्यांवरचा इलाज’ म्हटले की खरे नुकसान इथे होते. ज्याला आजच डॉक्टर हवा असतो, तो महिनाभर आसने करत बसतो.

पुढच्या योगदिनी पाहुणे ‘योगाने पाठदुखी बरी होते’ असे म्हणाले, तर त्यांचा मान राखून मुलांना वर्गात चार प्रश्न विचारायला लावावेत. कशाच्या तुलनेत? किती? किती काळ? आणि कोणासाठी? हे प्रश्न योगाविरुद्ध नाहीत. तेलाच्या जाहिरातीला, गोळीच्या जाहिरातीला आणि शस्त्रक्रियेच्या सल्ल्यालाही तेच लागू आहेत. लोणावळ्यात १९२४ साली आसनाला मापनाची कसोटी लागली. ही कसोटी पुढे नेणे हा त्या परंपरेचा अनादर नाही. आणि प्रश्न विचारून झाल्यावर ज्यांची कंबर दुखते पण वरची लक्षणे नाहीत, त्यांनी सतरंजी अंथरून आसने जरूर करावीत. थोडा गुण येण्याची शक्यता आहे. तो थोडाच असेल, हे आधी माहीत असलेले बरे.